लांडगदऱ्यातलं हरवलेलं कार्ड

१

कॅमेरा धावड्याच्या खोडाला जसा बांधला होता तसाच होता. पट्टा जागेवर, हिरवट डबा जागेवर. फक्त डब्याचं झाकण उघडं लोंबत होतं आणि आतली कार्डाची खाच रिकामी होती.

परमेश्वर ढोणेने दोनदा बोट घालून पाहिलं. मग तो तिथंच, मुरमावर, फतकल मारून बसला.

"गेलं," तो म्हणाला. "सिद्धोधनराव, कार्ड गेलं."

सिद्धोधन वाव्हळे सायकलीवरून उतरले. बोरीचा हा माणूस चौतीस वर्षं वीज कंपनीत लाइनमन होता, निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती. परमेश्वरने जिंतूरच्या डोंगरांतून येलदरी धरणाच्या पाण्यापर्यंत तीन दिवसांची जंगलवाट आखली होती, बॅटरीच्या सायकलींवरून करायची. लोकांसाठी खुली करण्याआधी पाचच जणांची ही चाचणीची फेरी. सायकली, बॅटऱ्या आणि चार्जिंग एवढं सिद्धोधनरावांकडे.

आज दुसरा दिवस. सकाळी पावणेदहाला सगळे याच जागी, लांडगदऱ्यात, थांबले होते. समोरच्या कपारीत लांडगीण व्याली होती. परमेश्वरने आठवड्यापूर्वीच कॅमेरा लावून ठेवला होता, समोरून काही हललं की आपोआप फोटो काढणारा. सकाळी त्याच्या छोट्या पडद्यावर सगळ्यांनी पाहिलं होतं: कपारीच्या तोंडाशी चार पिल्लं, कानांपेक्षा डोकी लहान.

"कार्ड संध्याकाळी काढू," परमेश्वर तेव्हा म्हणाला होता. "दिवसभरात आई बी येईल फोटूत."

आणि आता चार वाजले होते. कार्ड काढायला तिघंच आले होते, बाकी दोघं मुक्कामालाच थांबले होते.

परभणीहून आलेली निकिता मोबाइल हातात धरून नुसती उभी होती. तिचं चॅनल होतं, जिल्ह्यातल्या जागा दाखवणारं. ती एकदम खाली वाकली.

"काका, हे बघा."

सकाळच्या टायरांच्या खुणांवर, कॅमेऱ्याच्या झाडापासून पार उतारापर्यंत, मेंढ्यांच्या खुरांची दाटी उमटली होती. टायरांची एक खूण धड राहिली नव्हती.

"सटवाजी," परमेश्वर दातांवर दात ठेवून म्हणाला.

२

सटवाजीला सगळे ओळखत होते. चाळीसेक मेंढ्या घेऊन तो याच माळावर असायचा. आदल्या दिवशी वाटेत भेटला तेव्हा बिडी विझवत म्हणाला होता, "दोन मेंढ्या नेल्या तिनं दिवाळीपासनं. आता चार तोंडं वाढली."

परमेश्वरला तेवढं पुरेसं होतं: पिल्लांचा काटा काढायचा आणि फोटोत सापडायचं नाही, म्हणूनच कार्ड नेलं असणार. मुक्कामाकडे परतताना त्याने सायकल सिद्धोधनरावांच्या शेजारी आणली.

"एकच विचारतो. दुपारी तुमी दारातच होता ना?"

"होतो."

मुक्काम होता वाडीतल्या बंद पडलेल्या शाळेत. परमेश्वरने तिच्या छपरावर सौर पाट्या बसवून घेतल्या होत्या. म्हणून दुपारचा थांबा लांब. पावणेबाराला पोचल्यावर सिद्धोधनरावांनी पाचही सायकलींच्या बॅटऱ्या काढल्या, जुन्या सवयीने पाचही खाचा कोरड्या फडक्याने आरशासारख्या पुसल्या आणि बॅटऱ्या खोलीत ओळीने चार्जिंगला लावल्या. मग दारात खुर्ची टाकून तीन वाजेपर्यंत बसले. डुलकीसुद्धा काढली नाही.

"एखादी बॅटरी कुणी नेली आसंल?"

"माझ्यासमोरनं? न्हाई."

"आन् वाडीपासनं कॅमेरा नऊ किलोमीटर. मधी चढ. पायी जाऊन यायचं म्हणलं तर चार तास. म्हंजे आपल्यातलं कुणी गेलं न्हाई. बरोबर?"

"बॅटरीबिगर गाडी काय हालणार," सिद्धोधनराव म्हणाले.

"झालं. मी जंगलखात्याच्या राखणदाराला फोन लावतो. सटवाजीची चराई बंद झाली की कळंल."

परमेश्वर पुढे निघून गेला. आपल्या शब्दाने एका माणसाच्या पोटावर पाय पडतोय, हे सिद्धोधनरावांना तेव्हा कळलं.

आळ काय असतो ते त्यांना ठाऊक होतं. नोकरीच्या सहाव्या वर्षी तांब्याची तार गेली होती आणि कुणीतरी सहज म्हणालं होतं, "गोदामाची किल्ली वाव्हळेकडंच होती." तेवढं एक वाक्य. बारा दिवस घरी बसवलं. तार दुसऱ्याच ठिकाणी सापडली. पण त्या बारा दिवसांत बोरीतला किराणावाला वजन करताना त्यांच्या हातांकडे बघायचा, ते त्यांना अजून आठवत होतं.

वाडी आली तेव्हा परमेश्वर मोबाइल उंच धरून रेंज शोधत होता.

"मला घंटाभर द्या," सिद्धोधनराव म्हणाले.

"कामून?"

"जबाब माझा हाय. मला तो एकदा तपासून घेऊ द्या."

३

बालाजी शाळेच्या मागच्या कडुलिंबाखाली दोरीवरच्या उड्या मारत होता. जिंतूरचा, पंचविशीचा, उंचापुरा. येलदरीजवळ तंबूंची जागा काढायची म्हणून तो फेरीला आला होता. वाट चालली तर त्याचं चालणार होतं.

"लांडग्यामुळं वाट बंद होईल म्हणून तूच कार्ड काढलंस, आसं कुणी म्हणलं तर?" सिद्धोधनरावांनी सरळच विचारलं.

बालाजी थांबला. धापा टाकत हसला. "मामा, मी झोपलो होतो तंबूत. आन् जाऊ कशावर? बॅटऱ्या तर तुमच्या मांडीखाली." मग त्याला काही आठवलं. "ते जाऊ द्या, तुमी माझं सीट कामून खाली केलंत? बॅटरी लावून मगाशी ओढ्यावर पाणी आणायला गेलो, तर गुडघे हनुवटीला लागायलेत."

"मी न्हाई केलं."

"मंग खटका ढिला आसंल."

निकिता वर्गात फळ्यासमोर बसली होती. तिचा चेहरा रडवेला होता.

"काका, माझ्यावर संशय घेताय? ते फोटो मलाच तर हवे होते. जिंतूरला पोचायच्या आत लाखभर लोकांनी बघितले असते."

"दुपारी काय करत होतीस?"

"आवाज भरत होते. तुम्ही ऐकलं नाही?"

ऐकलं होतं. भिंतीपलीकडून अडीच तास तेच ते: "नमस्कार मंडळी, आज आपण आलोय..." प्रत्येक वेळी कुठेतरी अडखळायची आणि पुन्हा "नमस्कार मंडळी". सिद्धोधनरावांना ते भाषण पाठ झालं होतं. शिवाय ही मुलगी सायकल शिकून चार दिवस झाले होते; उतारावर अजून पाय खाली टेकवत चालवायची.

परमेश्वर स्वतः तर स्वयंपाकात होता. पिठलं त्याने दारातूनच ढवळलं म्हणा ना, इतका तो डोळ्यांसमोर होता.

राहिल्या कमलबाई. वालूरच्या, सत्तावन्न वर्षांच्या, बांध्याने बुटक्या. तीस वर्षं आसपासच्या वाड्यांवर लस टोचत, बाळंतपणं करत फिरलेल्या सरकारी नर्सबाई. गुडघे दुखतात म्हणून बॅटरीची सायकल बरी, असं सगळे समजून होते. दुपारभर त्या कुणाच्या नजरेस पडल्या नव्हत्या; आता ओढ्यावर असल्याचं निकिता म्हणाली.

सिद्धोधनराव तिकडे निघाले आणि वाटेत पाचही सायकली उभ्या दिसल्या तसे थांबले.

काहीतरी खुपत होतं. दुपारी तीनला ओळीने बॅटऱ्या बसवल्या तेव्हा चार फटाफट बसल्या होत्या. चौथ्या नंबरच्या सायकलीची बसता बसेना. खाचेत मुरमाची बारीक धूळ आणि दोन-तीन कुसळं. त्यांनी रस्त्याला शिवी हासडली, फडकं मारलं आणि बॅटरी दाबून बसवली.

रस्त्याला शिवी. पण रस्त्यावर असताना खाचेत बॅटरी असते. धूळ आत शिरायला जागाच नसते.

आणि पावणेबाराला ती खाच त्यांनीच पुसली होती.

सिद्धोधनराव हळूच त्या सायकलीपाशी गेले. चार नंबर. बालाजीची.

४

माणूस घाईने पहिलं नाव धरतो आणि तिथंच फसतो. सिद्धोधनराव आज एकदा फसले होते. ते सायकलीपाशी उकिडवे बसले आणि दिवसभराचा हिशोब सावकाश सोडवू लागले.

मोटर नसली तरी सायकल ही सायकलच. पायडल आहे, साखळी आहे. जड आहे, चढाला जीव काढील, पण हालते. चौतीस वर्षं विजेच्या तारांखाली गेलेल्या माणसाला विजेशिवाय काही चालतं हे सुचलंच नव्हतं. लोकांनाही सुचणार नाही, हे कुणाला तरी बरोबर सुचलं होतं.

बालाजीची सायकल शाळेमागं, कडुलिंबाखाली होती. बाकीच्या चार पुढे, खुर्चीसमोर. नेता आली असती ती हीच.

मग बालाजीच? पण बालाजी आपल्या सायकलीचं सीट खाली का करील? आणि केलंच असतं, तर स्वतःच्या तोंडाने का सांगेल? सीट खाली केलं ते बुटक्या माणसाने. परतल्यावर घाईत वर करायचं राहून गेलं.

त्यांनी वाकून मागचं चाक पाहिलं. साखळी मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर होती. पायांनी खडा चढ चढायचा तरच कुणी ती तिथं नेतं. ओढ्यापर्यंत सपाटीला बालाजी मोटरवर गेला, गिअरला त्याने हातही लावला नसणार. आणि जड सायकल कुठल्या गिअरवर किती ओढता येते, हे बोटांना कळायला चार दिवस पुरत नाहीत. उमर जावी लागते.

पहिल्या दिवशीचं त्यांना आठवलं. जिंतूरला सायकली वाटल्या तेव्हा सगळ्यांनी आधी बटणं दाबून पडदे लावून पाहिले. एकीनेच तसं केलं नव्हतं. कमलबाईंनी आधी वाकून दोन्ही टायर अंगठ्याने दाबून बघितले होते.

तीस वर्षं वाड्यावाड्यांवर लस नेणारी बाई. कशावर नेत असेल?

मागून परमेश्वरची हाक आली. "सिद्धोधनराव, रेंज मिळाली! लावू का फोन?"

"पाच मिन्टं," ते म्हणाले आणि ओढ्याकडे जवळजवळ पळतच गेले.

५

कमलबाई पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या. पिंडऱ्या सुजल्या होत्या. शेजारी मोजे वाळत घातले होते आणि त्यांत कुसळंच कुसळं.

सिद्धोधनराव थोडं अंतर राखून दगडावर बसले.

"बाई, वालूरहून वाड्यांवर कशावर जायच्या तुमी?"

कमलबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. पाण्याकडे बघत म्हणाल्या, "सायकलीवर. लसीचा डबा मागं बांधून. पाऊस आसो, चिखल आसो." मग थोड्या वेळाने, "कशावरनं वळखलंत, भाऊ?"

त्यांनी सांगितलं. खाचेतली धूळ, सीट, साखळी. त्या मान हलवत ऐकत राहिल्या, जशी एखादी नर्स तपासणीचा अहवाल ऐकून घेते.

"सीट राह्यलं खरं," त्या म्हणाल्या. पदराच्या गाठीतून त्यांनी नखाएवढं काळं कार्ड काढलं. "मी काय ते इकायला न्हाई घेतलं."

"मंग कामून?"

"सकाळी तुमी ऐकलंत ना? ती पोरगी म्हणाली लाखभर लोक बघतील. परमेश्वर म्हणाला इथं बघायला ओटा बांधू." त्यांनी कार्ड तळहातावर उलटं-सुलटं केलं. "भाऊ, तीस वर्सं माझं काम काय होतं? बाळंतपण झालं की पहिली खोलीतली गर्दी बाहेर काढायची. सासू आसो, सरपंच आसो. बाळंतिणीला हवा लागू द्या, तिला कुणी बघू नका. लोक शिव्या द्यायचे. मी ऐकलं न्हाई कधी. सकाळी आपण पाच जण त्या कपारीसमोर उभे होतो, आन् मला वाटलं, हिच्या खोलीत मीच गर्दी घेऊन आले."

"परमेश्वरला सांगायचं होतं."

"सांगितलं. पहिल्या दिवशीच. तो म्हणाला, मावशी, लांडगा हाय, बाई न्हाई."

ओढ्यापलीकडे टिटवी ओरडत होती. सिद्धोधनराव दगडावरून थोडे पुढे सरकले.

"सटवाजीवर आळ आलाय, ठाऊक हाय ना?"

"हाय." त्यांचा आवाज पहिल्यांदा हलला. "त्याचं नाव निघंल आसं ध्यानीमनी नव्हतं. तुमी तिघं परत आलात, परमेश्वर ओरडायला लागला, तवाच उठून बोलायचं होतं मी. न्हाई बोलले. भ्याले. सगळा मुलूख मला चांगली बाई म्हणतो, भाऊ. आता या वयात चोर म्हणतील."

"मी तुमचं नाव घेणार न्हाई," सिद्धोधनराव म्हणाले. "पण माझा जबाब चुकला, एवढं मात्र मी आत्ता जाऊन सांगणार. बॅटरीबिगर गाडी हालती. पुढं त्यांना काय समजायचं ते समजतील."

कमलबाई एका हाताने दगडाचा आधार घेत उठल्या. ओल्या पायांतच चपला सरकवल्या.

"तुमी मागनं या," त्या म्हणाल्या. "मी पुढं जाते."

६

परमेश्वरने कार्ड हातात घेतलं आणि उलटवून पाहिलं. मग एकदम सगळंच बोलला. दोन वर्षं कचेऱ्यांचे उंबरे झिजवले, या जिल्ह्यात बघायला काय आहे म्हणून लोक हसले, एक चांगली गोष्ट हाती आली तर घरच्याच माणसाने पाय ओढला. कमलबाई उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी एकदाही मान खाली घातली नाही, आणि उलट उत्तरही दिलं नाही.

"आन् सटवाजी?" सिद्धोधनराव मध्येच म्हणाले. "त्याला चोर तुमी ठरवलंत, पण दाखला मी दिला. दोघांनी मिळून."

परमेश्वरने कार्ड निकिताकडे दिलं.

"काका, कार्ड ठीक आहे का बघू आधी," निकिता म्हणाली. तिने ते लॅपटॉपमध्ये घातलं. शाळेच्या ओसरीवर, उतरत्या उन्हात, सगळे तिच्या मागे उभे राहिले.

सकाळचे साडेदहा: पाचही जणांच्या पाठी, सायकलींवर चढताना. मग रिकामी कपार.

अकराला दहा कमी: लांडगीण. कृश, कान मागे पडलेले, सगळं अंग वाटेच्या दिशेने ताणलेलं. तिच्या पोटाशी आचळं लोंबत होती.

"आई," निकिता पुटपुटली.

पुढच्या फोटोत तिच्या तोंडात पिल्लू होतं, मानगुटीला धरलेलं. ती चौकटीच्या डावीकडून बाहेर जात होती. अकरा वाजून वीस मिनिटांनी ती परत आली. दुसरं पिल्लू. पावणेबाराला तिसरं. सव्वाबाराला चौथं. या वेळी ती जाता जाता थांबली होती आणि थेट कॅमेऱ्याकडे बघत होती.

त्यानंतर एक वाजेपर्यंत काही नाही. मग धाप लागलेल्या, घामाने निथळलेल्या कमलबाईंचा चेहरा, अगदी जवळून. आणि शेवटी नुसता हात.

कमलबाई म्हणाल्या, हळू, "म्हंजे मी पोचले तवा घर रिकामं होतं."

"मेंढरं त्यानंतर गेली," सिद्धोधनराव म्हणाले. "सटवाजीच्या आधीच सगळं उरकलं होतं."

परमेश्वर पुन्हा मागे जाऊन तोच एक फोटो बघत होता, चौथ्या पिल्लाचा.

"सकाळी आपण किती वेळ थांबलो तिथं?" त्याने विचारलं.

"पाऊण तास," निकिता म्हणाली. "मी तीनदा बोलून घेतलं."

"आन् मी हप्ताभर रोज कॅमेरा बघायला जायलो होतो." त्याने लॅपटॉपचं झाकण स्वतःच्या हाताने मिटलं. मग मोबाइल खिशात घातला. फोन त्याने कुणालाच लावला नाही.

७

दुसऱ्या दिवशी सकाळी ते माळावर सटवाजीला गाठायला गेले. परमेश्वर सायकल लांब लावून पायी त्याच्यापर्यंत गेला. काय झालं, आपण काय समजलो, कुणाला फोन करणार होतो, ते त्याने काहीही न लपवता सांगितलं. शेवटी हात जोडले. सिद्धोधनरावही शेजारी जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सबूत माझा होता. चुकीचा होता."

सटवाजीने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. त्याला राग आला होता. तो लपवायची त्याला गरज वाटली नाही.

"फोन लागला आसता तर?" तो म्हणाला. "मेंढरं घेऊन मी कुठं गेलो आसतो?"

परमेश्वरने जोडलेले हात तसेच ठेवले. त्याने सबब सांगायचा प्रयत्नही केला नाही, आणि त्यामुळेच बहुधा सटवाजीचा आवाज थोडा खाली आला.

"दोन मेंढ्या नेल्या तिनं, लय वाईट वाटलं," तो म्हणाला. "पर पिल्लांच्या वाटंला मी गेलो न्हाई कधी. ती तिचं करायलीय, मी माझं करायलोय."

"आता वाट इथनं जाणार न्हाई," परमेश्वर म्हणाला. "पलीकडच्या डोंगराच्या धारेवरनं काढू. लांब पडंल, चढ जास्ती हाय."

"तिकडं पाणी न्हाई."

"मंग पाणी सोबत घेऊ."

सटवाजीने काठीने दूरची एक पांढरट रेघ दाखवली. तिथून जा, तो म्हणाला, तिथं कुणाचं घर नाही. बालाजीने खिशातून कागद काढून ती रेघ टिपून घेतली. कमलबाई सटवाजीच्या धाकट्या लेकीची चौकशी करत होत्या. तिचा जन्म त्यांच्याच हातचा निघाला.

निकिताला राहवलं नाही. मोबाइल तिने पिशवीत टाकला होता, तरी ती पुढे झाली.

"दादा, कुठं नेली असतील हो तिनं पिल्लं? ठाऊक आहे तुम्हाला?"

सटवाजीने मेंढरांकडे पाहिलं. एक कोकरू मागे राहिलं होतं, त्याला त्याने काखेत उचलून घेतलं.

"ठाऊक हाय," तो म्हणाला.

ते त्याच्याकडे बघत उभे राहिले. तो मेंढरांमागे चालू लागला, आणि कुणी दुसऱ्यांदा विचारलं नाही. सगळ्यांत आधी कमलबाईंनी सायकल वळवली. मग एकेक करत सगळ्यांनी वळवल्या आणि ते पांढरट रेघेच्या दिशेने, चढाला लागले.